सुरुवातीची सात मिनिटं

एर्मेसने उभ्या जन्मात एकही सिनेमा सुरुवातीपासून पाहिला नव्हता. तो एकटाच तसा होता असं नाही. खाडीकाठच्या त्या गावातली सगळीच जुनी माणसं तशी. चर्चमागच्या थिएटरात रविवारी एकच सिनेमा लागोपाठ फिरायचा. पत्त्यांचा डाव संपला की आत शिरायचं, मधूनच बघायचं, आणि दुसऱ्या खेळात आपण आलो ती जागा आली की उठायचं. एर्मेसचा मुलगा लोरिस लहानपणी बापाचा हात धरून असाच जायचा. आधी घोडेस्वार मरायचा, आणि तासाभराने तोच दिमाखात गावात यायचा. बाप म्हणायचा, "सुरुवात काय पळून जाते?"

हे सगळं माहीत असून लोरिस विसरला. बारा वर्षं रोममध्ये काढली की माणूस स्वतःच्या गावालाही शहाणं समजू लागतो. त्याने बापाला फक्त "तीन वाजता या" एवढंच सांगितलं होतं. सिनेमा त्याने काढलेला पहिलाच, आणि गावात खेळ एकच. साडेपाचच्या बसने रिळं परत जाणार होती.

सुरुवातीच्या सात मिनिटांवर त्याने दोन वर्षं घातली होती. त्यात एक शब्द नव्हता. कालव्याच्या बांधावरून एक माणूस सायकलने येतो. पुढच्या दांडीवर मुलगा, त्याची मान बापाच्या छातीवर. समोरून येणाऱ्यांना माणूस मानेनेच नमस्कार करतो आणि मुलाच्या कानाशी काहीतरी बोलत राहतो. मागून धाकटा चालतोय, हातात भावाचे बूट. घर येतं, आई दारात येते, आणि बघणाऱ्याला तेव्हा कळतं की दांडीवरचं पोर बुडून मेलेलं आहे. बापाने ही बातमी आईच्या आधी गावाला कळू दिलेली नसते.

ते खरंच तसं घडलं होतं. दांडीवर दानिलो होता, आणि बूट नऊ वर्षांच्या लोरिसच्या हातात होते.

पुढचा दीड तास म्हणजे त्याच बापाने धाकट्याचा केलेला छळ. होडी कुऱ्हाडीने फोडली, खोलीत कोंडलं, पाण्याजवळ दिसला म्हणून पट्ट्याने सोलून काढलं. सात मिनिटं पाहिलेल्याला कळायचं, की ही क्रूरता नाही, भीती आहे. लोरिसला बापाला एवढंच सांगायचं होतं की मला ते कळलंय. तोंडाने असलं काही बोलणं त्या घरात कुणाला कधी जमलं नव्हतं.

तीन वाजता थिएटरात काळं कुत्रं नव्हतं. लोरिसने रडकुंडीला येऊन दिर्चे आत्याला थांबायची विनवणी केली. मशीन तीच चालवायची. तिने दहा मिनिटं वाट पाहिली आणि रीळ सोडलं. सात मिनिटं रिकाम्या खुर्च्यांपुढे निघून गेली. मग माणसं येऊ लागली, आणि पट्ट्याचा प्रसंग चालू असताना एर्मेस येऊन मुलाशेजारी बसला.

"बाबा, उशीर केलात."

"डाव रंगला होता. सुरुवात दुसऱ्या खेळात बघू."

"दुसरा खेळ नाहीये, बाबा."

"ए, गप बसा की!" मागून कुणीतरी ओरडलं. "पोराचा सिनेमा आहे म्हणून काय गप्पा हाणायच्या?"

पडद्यावरच्या माणसाने टोपी मागे सरकवली, हुबेहूब एर्मेससारखी. खसखस पिकली. "अरे, हा तर आपला एर्मेस! पट्टासुद्धा तोच!" एर्मेस हसला नाही. त्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि शेवटपर्यंत तशीच धरून बसला.

दिवे लागले. कुणीच उठलं नाही. सगळे सवयीने सुरुवातीची वाट बघत बसले. लोरिस जिना चढून मशीनपाशी धावला.

"आत्या, पहिलं रीळ परत लाव. सातच मिनिटं!"

"बस चुकली तर तू निस्तर हं," असं म्हणत तिने रीळ चढवलं.

तो खाली आला तेव्हा बापाची खुर्ची रिकामी होती.

एर्मेस बाहेर सायकलचं कुलूप काढत होता. किल्ली लागत नव्हती.

"बाबा, आत चला. सुरुवात लावलीय. तुमच्यासाठीच केलीय हो ती!"

"मी तुला असा वाटतो, हे घरात सांगायचंस. गावाला बोलावून दाखवायची काय गरज होती?"

"बाबा, सात मिनिटं फक्त. तुमच्या पाया पडतो."

"शेवट बघितला. पुरे झालं." कुलूप निघालं. म्हाताऱ्याने टांग मारली आणि बांधाच्या रस्त्याला लागला.

लोरिस मागून निघाला. थोड्या वेळाने मागे थिएटराचं दार उघडलं आणि माणसं डोळे पुसत बाहेर आली. मघाशी पट्ट्याला हसलेला म्हातारा विचारत होता, "एर्मेस कुठाय? अरे, एर्मेस कुठाय?" सगळ्या गावाने पाहिलं होतं.

घराला आतून कडी होती. लोरिसने दार बडवलं. मग दाराला तोंड लावून, शाळेतल्या पोरासारखा अडखळत, तो सांगू लागला, "बाबा, सुरुवातीला एक सायकल येते. पुढे दांडीवर आपला दानिलो..."

आत रेडिओचा आवाज मोठा झाला.