खिडकीखालची फरशी

आरेखकांची बायको लेकीकडे राहायला गेली, त्याला बराच काळ लोटला होता. एका सकाळी खुर्चीत बसून ते वर्तमानपत्र वाचत होते आणि वाचता वाचता त्यांचे दोन्ही पाय आपसूक जमिनीवरून उचलले गेले. फरशी पुसण्याची वेळ झाली होती. समोर मात्र ना बादली होती, ना फडकं, ना "पाय वर!" म्हणणारं कुणी. त्यांनी पाय क्षणभर तसेच अधांतरी ठेवले, मग कुणी पाहिलं तर नाही ना, अशा थाटात हळूच खाली टेकवले. पाहायला घरात होतं कोण म्हणा!

आरेखक म्हणजे पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात हयात घालवलेला माणूस. तंत्रविद्यालयातून बाहेर पडले ते थेट ड्रॉइंग बोर्डापुढे जाऊन उभे राहिले आणि निवृत्तीच्या दिवशीच तिथून हलले. "आम्ही पहिल्यांदा भेटलो ना," बायको पाहुण्यांना सांगायची, "तेव्हा हे म्हणाले, समोरून बघून झालं, आता बाजूने आणि वरून दाखवा." हे ती इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगायची की नवखा माणूस विश्वास ठेवून मोकळा व्हायचा. आरेखक हे नाव तिनेच पाडलं होतं. पुढे शेजारीही तेच म्हणू लागले.

फरशी हे मात्र तिचं संस्थान. त्यात दुसऱ्या कुणाचा हात तिला खपत नसे. लांब काठीच्या आडव्या पट्टीला फडकं गुंडाळायचं, खिडकीखालून सुरुवात करायची, उलट्या पावलांनी मागे मागे सरकत यायचं आणि स्वयंपाकघराच्या दारात काम संपवायचं. पुसलेल्या फरशीवर पाऊल पडता कामा नये, हा त्या संस्थानातला पहिला आणि शेवटचा कायदा. वाटेत खुर्ची लागे, खुर्चीत आरेखक असत. "पाय वर!" हुकूम सुटे. फडकं पायांखालून निघून जाई. "आता वाळेपर्यंत खाली ठेवायचे नाहीत हं."

मग ती दारात उभी, हे खुर्चीच्या बेटावर, आणि मधे चकाकणारी ओली फरशी. तेवढ्या वेळात यांना उठता येत नसे आणि तिला आत येता येत नसे. त्यामुळे दोघं बोलत. एरवी दिवसभर कामापुरतं बोलणारी ही माणसं त्या ओल्या फरशीच्या दोन काठांवरून कुठले कुठले विषय काढत, भांडत, हसत. फरशी वाळली की संभाषण संपे.

असंच उलट्या पावलांनी येताना एकदा तिची टाच बादलीला लागली. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, उजव्या हातात आधाराची काठी आली. लेक येऊन आईला आपल्या गावी घेऊन गेली. जरा बरं वाटेपर्यंत, असं म्हणाली होती. बरं वाटलंही. पण परत पाठवायचा विषय निघाला की लेक फोनवर एकच सांगे, "बाबा, तिथे आली की दुसऱ्या दिवशी ती फडकं हातात घेणार. मागे मागे चालणार. परत पडणार. मला पुन्हा ते बघायचं नाही."

"मी पुसतो ना. नाहीतर बाई लावतो."

यावर पलीकडून बायकोचा आवाज येई. "बाईने पुसलेल्या घरात मी काय पाहुणी म्हणून येऊ? त्यापेक्षा इथली पाहुणी बरी. इथे निदान चहा आयता मिळतो."

पाय अधांतरी राहिले त्या सकाळी आरेखकांनी वर्तमानपत्राची घडी घातली, माळ्यावरचा ड्रॉइंग बोर्ड खाली उतरवला, त्यावरची धूळ झटकली आणि कोऱ्या कागदाच्या माथ्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिलं: ‘फरशी पुसण्याचे सुधारित साधन. एका हाताने वापरण्याजोगे.’

बाजारात मिळणारे मॉप त्यांनी आधी आणून पाहिले. दोऱ्यांच्या झुपक्याचा मॉप भिजला की दगडासारखा जड होई. फिरकीच्या बादलीला पायाने दाबावं लागे आणि नेमका पायच तिचा अधू. सपाट मॉपचं फडकं पिळायला वाकणं आलं. आरेखकांनी तिची जुनी छत्री उजव्या हातात धरली, ती आधाराची काठी आहे असं मानलं, आणि उरलेल्या डाव्या हाताने एकेक साधन चालवून पाहिलं. खिडकीतून शेजारीण बघत होती. घरात, कोरड्या हवेत, हातात मिटलेली छत्री घेऊन फरशीवर उलटे चालणारे आरेखक तिने पाहिले आणि संध्याकाळी तिच्या नवऱ्याने उगीचच येऊन तब्येतीची चौकशी केली.

छत्रीनेच त्यांना धडा दिला. मागे चालताना काठी टेकवायची कुठे? पुढे टेकवावी तर ती ओल्या फरशीवर, मागे टेकवावी तर दिसत नाही. एकदा ते स्वतःच कलंडले आणि कपाटाला धरून वाचले. तिथेच उभं राहून त्यांना कळलं की आपण पिळण्याच्या आणि वजनाच्या मागे लागलो आहोत, पण मूळ दुखणं चालण्याच्या दिशेत आहे. तिला पुढे चालत पुसता आलं पाहिजे.

त्यांनी तातडीने फोन लावला.

"पुढे चालत?" ती म्हणाली. "म्हणजे पुसलेल्यावर पाय द्यायचे? आरेखक, एकटं राहून तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय."

"मागची फरशी कोरडी असली तर?"

"ओल्या फडक्याने पुसलेली फरशी कोरडी कशी असेल?"

"ते माझ्याकडे लागलं."

"बरं. कपाटामागचा कोपरा कसा पुसणार तुमचं यंत्र?"

"तू कसा पुसायचीस?"

"इतकी वर्षं समोर बसून बघत होतात की!"

"मी पाय वर करून बसायचो. कोपरा दिसायचा नाही."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी ते हसू त्यांनी ऐकलं. मग तिने कोपऱ्याचं सांगितलं. पट्टी तिरकी करायची, टोक आत घालायचं आणि मनगट वळवायचं. त्यांनी ते कागदाच्या समासात टिपून घेतलं. त्यानंतर रोज काही ना काही विचारायला व्हिडिओ कॉल होऊ लागला. काही प्रश्नांची उत्तरं आरेखकांना आधीच ठाऊक असत, तरी ते विचारत.

साधन हळूहळू आकाराला आलं. पुढे ओल्या स्पंजाची पट्टी, तिच्यामागे पाणी ओढून घेणारी पातळ रबराची कड, आणि सगळ्यांत मागे कोरड्या कापडाची रुंद पट्टी. दांड्यावरची एक तरफ खाली ओढली की स्पंज पुस्तक मिटावं तसा मिटून पिळला जाई. वाकायला नको, दोन्ही हात नकोत. कारखान्यातला जुना सहकारी आता स्वतःची लेथ चालवत होता, त्याच्याकडे एकेक भाग बनत होता. "साहेब, पंपांची गळती थांबवायला तुमची उमर गेली," लेथवाला म्हणे, "आता बादलीची थांबवताय. बढती आहे ही!"

दांड्याची नळी कापायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "एकात एक सरकणारी नळी घालू या का? लांबी कमी-जास्त करता येईल."

"काही गरज नाही. सांधा आला की खडखड आली, पाणी शिरलं, गंज आला. हे दुकानात विकायचं नाही. एकाच माणसासाठी आहे आणि त्या माणसाचं माप मला पाठ आहे."

"वहिनींना विचारून घ्या तरी."

"स्वयंपाकघराच्या दारामागची पिशवीची खुंटी तिने स्वतःच्या खांद्याच्या उंचीवर ठोकून घेतली होती. मीच ठोकली. त्यावरूनच माप घेतलंय."

लेथवाल्याने मान हलवली आणि नळी कापली.

चाचणीची पद्धत आरेखकांनी स्वतः ठरवली. पुसलेल्या फरशीवर लगेच पातळ कागद पसरायचा आणि उचलायचा. सुरुवातीला कागद चिकटून फाटे. रबराची कड बदलली, कापडाची पट्टी रुंद केली, स्पंजावरचा दाब वाढवला. शेवटी एका सकाळी कागद फुलपाखरासारखा अलगद वर आला. आरेखकांनी तो खिडकीजवळ उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला. मग कपडे बदलले, साधन जुन्या चादरीत गुंडाळलं आणि लेकीच्या गावची बस पकडली.

लेकीने दार उघडलं. चादरीत गुंडाळलेलं लांबलचक काही बघून म्हणाली, "बाबा, हे काय, बंदूक?"

"तुझी आई कुठे आहे?"

ती आतून आली. उजव्या हातात काठी, एक एक पाऊल सावकाश. आरेखक बघतच राहिले. फोनच्या पडद्यावर त्यांनी तिला रोज पाहिलं होतं, पण बसलेली. चालताना ती किंचित पुढे वाकत होती आणि एका अंगाला कलत होती. त्यांच्या मनात जी उभी होती, ती ही नव्हती. मनातली त्या खुंटीशेजारची, ताठ उभी होती.

"आरेखक, वाळलात," ती म्हणाली. "दाखवा तुमचं यंत्र."

त्यांनी चादर सोडली. तिने डाव्या हाताने दांडा धरला. त्याचं टोक तिच्या हनुवटीशी आलं, तरफेपर्यंत हात पोहोचवायला तिला खांदा उचलावा लागला. ती त्या टोकाकडे बघून म्हणाली, "हे माझ्यासाठी केलंत की माझ्या थोरल्या भावासाठी?"

लेक हसली. आरेखकांना हसता आलं नाही. "माप चुकलं," ते म्हणाले. उभ्या हयातीत हे शब्द त्यांनी फारसे उच्चारले नव्हते.

"माप नाही चुकलं," ती जरा हळू आवाजात म्हणाली. "मीच चुकले मापाला. कापता येईल का?"

खालच्या पहारेकऱ्याकडून लोखंड कापायची करवत आणली. बाल्कनीत ती उभी राहिली आणि त्यांनी तिच्या हातापासून नवीन खूण केली. या वेळी कुठली खुंटी नाही, समोर उभ्या माणसावरून. चार बोटं नळी निघाली. तो तुकडा त्यांनी खिशात टाकला.

"आई, आधी सांगते," लेक म्हणाली, "एक पाऊल जरी मागे टाकलंस तर हे यंत्र आणि तू, दोघंही इथेच राहाल."

हॉलच्या टोकाला जाऊन तिने काठी टेकवली, साधन पुढे ढकललं, पाऊल उचललं. काठी, साधन, पाऊल. थोडं अंतर गेल्यावर थांबली. सवय मोडणं तिला जड जात होतं, ते पाठीवरून कळत होतं. तिने एक चप्पल काढली आणि मागच्या फरशीवर अनवाणी तळवा ठेवला.

"कोरडी आहे," ती स्वतःशीच म्हणाली. मग दुसरी चप्पल काढली आणि निघाली. कपाटापाशी पट्टी तिरकी केली, मनगट वळवलं, कोपरा पुसून काढला. लेक दारात हाताची घडी घालून उभी होती. ती घडी हळूहळू सुटली.

आरेखक हॉलमधल्या खुर्चीत बसले होते. साधन त्यांच्यापाशी येऊन थांबलं.

"पाय वर!"

त्यांनी पाय उचलले. पट्टी खालून गेली. त्यांनी सवयीने पाय वरच धरले, पण खाली बघतात तर फरशी कोरडी ठणठणीत. त्यांनी पाय खाली ठेवले. ती वळून हे बघत होती.

"आता वाळायची वाट बघायला नको," ती म्हणाली.

"नको."

"मग बोलायचं कधी?"

वजन, पिळणं, तोल, दिशा, कोपरा, सगळ्याचा विचार आरेखकांनी केला होता, फक्त याचा नाही. ज्या ओल्या फरशीसाठी जीव तळमळत होता तीच आपण मोठ्या कष्टाने नाहीशी करून आणली आहे, हे त्यांना आत्ता, कोरड्या फरशीवर पाय ठेवून कळत होतं.

तिने साधन भिंतीला टेकवलं, शेजारची खुर्ची काठीनेच ओढली आणि सावकाश बसली. दम लागला होता. "तिकडे दारात उभं राहून माझे पाय दुखायचे," ती म्हणाली. "तुम्हाला कधी बोलले नाही. बसून बोललेलं चालेल ना, की त्यालाही ड्रॉइंग लागेल?"

"खुर्ची आणखी एक आहे घरात," आरेखक कसेबसे म्हणाले.

लेक दारातूनच म्हणाली, "डॉक्टरांची पुढची तपासणी होऊ दे. तोपर्यंत रोज इथे सराव. ते हो म्हणाले की मी स्वतः आणून सोडते. आणि बाबा, बादली स्टुलावर ठेवायची. वाटेत नाही."

"बादली स्टुलावर," आरेखकांनी कबूल केलं.

साधन सरावासाठी तिथेच राहिलं. निघताना ती दारापर्यंत आली. "तोवर घर कसं पुसणार?"

"आधीचा नमुना आहे घरी. थोडा गळतो."

"पुसा. पण सगळं पुसून ठेवू नका. खिडकीखालची फरशी माझी. तिथून मी सुरुवात करते."

घरी आल्यावर आरेखकांनी दुसरी खुर्ची पुसून पहिलीशेजारी ठेवली. रोज सकाळी ते गळक्या नमुन्याने फरशी पुसतात, पुढे चालत, आणि खिडकीपाशी येऊन थांबतात. तिथे धूळ साठते आहे. ऊन आलं की ती स्पष्ट दिसते. शेजारणीने एकदा बोट दाखवून सांगितलंसुद्धा, "अहो, तेवढं राहिलं तुमचं!"

"राहू दे," आरेखक म्हणाले. नळीचा चार बोटांचा तुकडा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेला असतो. नमुना गळका असल्यामुळे मधली फरशी वाळायला वेळ लागतो. तोवर ते खुर्चीत पाय वर घेऊन बसतात आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून, आज फोनवर तिला काय काय विचारायचं, याची मनातल्या मनात जुळवाजुळव करतात.