सायरीची वेणी आणि शिंगाची फणी

शाळेतून चिठ्ठी आली, ती सायरीच्या सदऱ्याला टाचणीने लावलेली. मुलाच्या डोक्यात उवा सापडल्या आहेत, तीन आठवड्यांत केस कापून आणावेत, नाहीतर वर्गात घेणार नाही. शेजारची मुलगी वायरा, तिच्या सदऱ्यालाही चिठ्ठी होती. त्या चिठ्ठीत लिहिलं होतं, औषध लावा. वायराचे केस कमरेपर्यंत, आमच्या पोराची वेणी जेमतेम खांद्याखाली. उवा मात्र दोघांच्या सारख्याच असाव्यात.

आमच्या पेगुचे या विणकरांच्या गावात पुरुष वेणी घालतात. माझ्या वडिलांची जमीनदाराच्या मुकादमाने कापली होती, तर ते वर्षभर हॅट घालून जेवले. सायरीने ही गोष्ट माझ्याच तोंडून ऐकलेली. सात वर्षांचं पोर, चिठ्ठी आली त्या दिवसापासून वेणी मुठीत धरून झोपू लागलं.

त्याची आई लुझमिला आठ महिन्यांपासून स्पेनमध्ये जत्रांतून आमचे लोकरी पोंचो विकते आहे. मी त्याची आत्या सोईला. रागवायचं काम माझं आणि विंचरायचंही.

आधी मी आमचं घरचं शहाणपण केलं. चोचो या आमच्याकडच्या कडधान्याचे दाणे कडूपणा जाईपर्यंत भिजवतो, ते पाणी इकडे मेंढ्यांच्या गोचिडांवर ओततात. तेच सायरीच्या डोक्यावर ओतलं. त्याचे डोळे लाल झाले, उवा नुसत्या झिंगल्या. दवाखान्यातल्या नर्सने मला चांगलंच झापलं. ते पाणी मेंढीलाच ठेवा, म्हणाली. पोराचे केस ओले करा, कंडिशनर चोपडा आणि बारीक दातांच्या फणीने मुळापासून शेंड्यापर्यंत विंचरा. एक दिवस आड, दोन आठवडे. लिखा फुटून नवी पिल्लं निघतात, ती मोठी व्हायच्या आत धरायची.

आईची शिंगाची फणी काढली. सायरीला दोन पायांत धरून बसवायचं, बट बट सोडवायची, प्रत्येक ओढीनंतर फणी पांढऱ्या फडक्यावर पुसायची. तिसऱ्या खेपेला फडकं जवळजवळ कोरं होतं. चौथ्या खेपेला त्यावर तीन जाड्या, धष्टपुष्ट उवा चालत होत्या. ही पिल्लं नव्हती. कुठेतरी खाऊनपिऊन आलेल्या पाहुण्या होत्या.

सायरी कोणाशेजारी झोपतो, ते मला तेव्हा आठवलं.

सायरीचा बाप, म्हणजे माझा भाऊ आलोन्सो, मागावर बसला होता. आमच्यात नवऱ्याची वेणी बायको घालते, नाहीतर आई. आई वारली, बायको स्पेनला. दुसऱ्या कोणाला तो हात लावू देत नव्हता, न विंचरता स्वतःच तीन पेड पिळून वर हॅट चढवायचा. मी म्हटलं, हॅट काढ.

"माझ्या डोक्यात काही नाही, अक्का."

"ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी बघू दे."

तो म्हणाला, लुझमिला आल्यावर बघेल. मी त्याला सांगितलं, ती येईल तेव्हा पोराची वेणी तिला दाखवायला उरणार नाही, आणि वेणी तुझ्यामुळे गेलेली असेल. त्याने माग थांबवला. हॅट काढून माझ्यासमोर जमिनीवर बसला. फडक्यावर काय काय पडलं ते इथे लिहीत नाही, माणसाला थोडी अब्रू असते. उशांचे अभ्रे उकळले, माझंही डोकं वायराच्या आईने तपासलं आणि आम्ही ते दोन आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलो. बापलेक एकामागे एक बसायचे. सायरी बापाला सांगायचा, रडू नकोस, थोडंच राहिलंय.

मुदतीच्या सोमवारी मी फणी आणि धुतलेलं फडकं घेऊन शाळेत गेले. आलोन्सोही आला, केस धुतलेले, मोकळे, हॅटखाली कोंबलेले. सायरीच्या वर्गाच्या नोर्माबाई दारातच उभ्या होत्या. वेणी बघून म्हणाल्या, मी काय लिहिलं होतं?

"वाचलं. आता तुम्ही विंचरा," मी म्हटलं आणि फणी पुढे केली. "एक जरी जिवंत निघाली, तर कात्री मीच देते."

सायरीने माझ्याकडे पाहिलं आणि वेणी मुठीत धरली.

बाईंनी पायरीवर बसून वेणी सोडली. हात नवखा होता, पण कसूर केली नाही. बट न् बट पाहिली. फडकं कोरंच राहिलं. मग एका बटेवर त्यांचं बोट थांबलं. दोन पांढरे ठिपके.

"ही काय, लीखच ना?"

"मुळापासून किती लांब आहे बघा. चांगलं बोटाच्या जाडीइतकं. उवा लीख मुळाशी चिकटवतात, केस वाढला तसं हे टरफल वर सरकलंय. आत कोणी नाही."

त्यांनी नखाने ओढून उजेडात धरलं. रिकामंच होतं. म्हणाल्या, पुढच्या सोमवारी परत तपासणार.

"दर सोमवारी तपासा. सगळ्यांना तपासा, मुलींनाही. आणि सापडलं तर सगळ्यांना एकच चिठ्ठी द्या."

त्यांनी सायरीचं नाव हजेरीत घातलं. मी पायरीवरच त्याची वेणी घालायला घेतली. शेवटची गाठ मारते, तोवर आलोन्सो शेजारी येऊन बसला. फाटकात निम्मी शाळा उभी होती. त्याने हॅट काढून मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे पाठ केली.

"घाल," म्हणाला. "घट्ट घाल."