दोन तुकड्यांमधली जागा

बटण शर्टाला लावतात, शर्ट बटणाला नाही. एवढं तरी.

कोण आलं होतं, विचारलं मी. ‘कोणी नाही’ असं नाव असतं का कुणाचं?

हस. पाहुणे बसलेत बाहेर. दात दाखवायला काय कर लागतो?

तुझ्या बहिणीला सांग, ही धर्मशाळा नाही.

मी ओरडलो का? नाही, तूच सांग. ओरडलो? मग रडतेस कशाला?

पाणी म्हटलं की पाणी. पाण्यासोबत तोंड आणायचं नाही.

इथे तिने रिमोटचं बटण दाबून आवाज थांबवला आणि टीव्हीसमोर आणखी थोडी सरकून बसली. बहिणीचा तुकडा पाण्याच्या नंतर हवा होता. पडद्यावर तो निळ्या चौकटीत उचलला जायचा, बाण दाबला की एक पायरी खाली उतरायचा. सुरुवातीला बटणांसारखी बारीकसारीक बोलणी, मग पाहुण्यांसमोरची, माहेरची सगळ्यात शेवटी. तिखट एकदम तोंडात घातलं की जीभ बधिर होते, मग पुढचं काही लागत नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

यादीला नाव काय द्यायचं, असं यंत्राने विचारलं. खाली त्याने स्वतःच एक नाव सुचवलं होतं : ‘आवडती गाणी’. तिने तेच राहू दिलं.

मागे पलंगावर नवरा झोपला होता, या सगळ्या वाक्यांचा धनी. तोंड किंचित उघडं. उजवा हात कुणी विसरून गेलेल्या छत्रीसारखा अंगाशेजारी पडलेला.

*

नवरा वजनमापे खात्यात निरीक्षक होता. त्याला येताना बघून बाजारातले दुकानदार मापं पुसायला घ्यायचे, पण त्याच्यावर राग कुणाचाच नव्हता. दंड करतानाही इतकं गोड बोलायचा की पावती हातात पडल्यावर दुकानदार ‘आभारी आहे, साहेब’ म्हणायचा. घरीही त्याने जन्मात आवाज चढवला नाही. गरजच पडली नाही. तो हळू बोलायचा, तोलून बोलायचा, आणि जिथे लागायला हवा तिथेच नेमका एकेक शब्द ठेवायचा. शेजारपाजारच्या बायका तिला म्हणायच्या, नशीब काढलंस हो.

प्लेअर त्यानेच आणला, निवृत्तीच्या वर्षी. टीव्हीखाली बसणारी काळी चपटी पेटी. गाणी, फोटो, सिनेमे, सगळं पोटात घेणारी. पुढच्या अंगाला एक लाल बटण आणि मुंगी शिरेल एवढ्या भोकाचा माईक. निरोप समारंभाच्या भाषणाची तालीम त्याने त्या पेटीसमोर केली. ‘माझ्या या वाटचालीत माझ्या पत्नीचा वाटा सिंहाचा आहे.’ मग थोडी खरखर. मग तोच आवाज, तितकाच मऊ : ‘उभी काय राहिलीस ऐकत? तुझ्यासाठी नाही ते.’ लाल बटण बंद करायचं राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी धूळ पुसताना तिच्या हातून ते सुरू झालं आणि ती फडकं हातात धरून तशीच थांबली. इतकी वर्षं जे अंगावर पडत होतं, ते पहिल्यांदा कानावर पडलं.

त्यानंतर तो घरात आला की ती पेटीवरून एकदा फडकं फिरवायची. घर चकचकीत ठेवणारी बाई म्हणून तिचं नाव झालं. जमलेले तुकडे ती ‘पाककृती’ नावाच्या कप्प्यात टाकायची. तिथे नवरा सात जन्मांत डोकावला नसता.

लेकीला तिने त्यातला एक ऐकवला होता. लेक माहेरपणाला आली होती, बाबा फिरायला गेले होते.

“यात काय आहे, आई?”

“नीट ऐक.”

“ऐकलं. आवाज तरी चढवलाय का त्यांनी? सगळेच नवरे बोलतात असं. आमच्याकडचं ऐकलंस तर झोप उडेल तुझी.” मग पेटीकडे बघून म्हणाली, “आणि तू चोरून हे असलं रेकॉर्ड करतेस? शी! बाबांना कळलं तर काय वाटेल त्यांना?”

बाबांना काय वाटेल. तिने टीव्ही बंद केला आणि लेकीसाठी चहा ठेवला.

*

झटका आला तो एका सकाळी, मोज्यांवरून. “जोडीतला दुसरा मोजा...” एवढंच झालं. दुसऱ्या मोज्याचं पुढे काय, ते कळलं नाही.

उजवं अंग गेलं, वाचा गेली. समज मात्र पूर्ण शाबूत आहे, असं डॉक्टर म्हणाले. ते ऐकून लेक रडली. आईला बरं वाटलं.

पलंग हॉलमध्ये आणला. वाचा परत आणायला एक मुलगी घरी येऊ लागली. सगळे तिला स्पीचवाली म्हणायचे. ती त्याच्यासमोर चित्रं धरायची, कप, किल्ली, कुत्रा, आणि तो कपाळाला घाम येईपर्यंत ओठ जुळवून म्हणायचा, “तो... तो... तो.”

“छान, काका! प्रयत्न छान आहे.”

भेटायला आलेले लोक पायांशी बसायचे आणि हळहळायचे. काय माणूस, अन् काय वेळ आली. अशा वेळी ती चमच्याने त्याला पेज भरवत असायची. हनुवटीवरचा ओघळ टिपायची. तिच्याही तोंडून ब्र निघत नव्हता, पण त्यात नवीन काही नव्हतं.

मग एका दुपारी तिने ती यादी लावली.

स्वतःचा आवाज ऐकून त्याने आधी दाराकडे पाहिलं. दुसरंच कुणी आत आल्यासारखं. मग टीव्हीकडे. मग तिच्याकडे. ती खुर्चीत मटार सोलत बसली होती.

“तुमचाच आहे,” ती म्हणाली. “ओळखलात ना?”

बटणं झाली, पाहुणे झाले. ‘मी ओरडलो का’ला त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. बहिणीपर्यंत उशी ओली झाली. ती उठली, स्वच्छ रुमालाने त्याचं तोंड पुसलं, उशीचा अभ्रा बदलला. मग आवाज दोन घरं वाढवून परत पहिल्यापासून लावलं.

त्या दिवशी तिला गाढ झोप लागली. दुसऱ्या दिवशी ती जरा लवकरच मटार घेऊन बसली.

*

एका तुकड्यानंतर दुसरा सुरू व्हायच्या आत यंत्र थोडी जागा सोडायचं. दोन-तीन श्वासांची शांतता. पहिले काही दिवस तिचं तिकडे लक्ष गेलं नाही. मग तिच्या ध्यानात आलं की त्या जागेत आपलं तोंड उघडतं आणि मिटतं. माशासारखं.

तिने लाल बटण दाबलं. त्याच्या देखत. पेटीजवळ वाकून म्हणाली, “नाही. ओरडला असतात तर शेजाऱ्यांनी तरी ऐकलं असतं.”

ऐकून पाहिलं. आवाज थरथरत होता. पुसून टाकला, परत बोलली. ‘शेजाऱ्यांनी’पाशी शब्द अडखळला. परत पुसला. संध्याकाळपर्यंत ते एक वाक्य तिने सरळ केलं, इस्त्री फिरवल्यासारखं, आणि निळ्या चौकटीत उचलून त्याच्या वाक्याच्या लगेच खाली ठेवलं.

मग तिला नादच लागला. भाजी निवडताना उत्तर सुचायचं, ती ओल्या हाताने पेटीकडे यायची.

‘कोणी नाही असं नाव असतं का कुणाचं?’

“असतं. इतकी वर्षं हाक मारताय की.”

‘दात दाखवायला काय कर लागतो?’

“लागतो. तुम्ही घरी नसताना मी फुकट हसायचे.”

‘पाण्यासोबत तोंड आणायचं नाही.’

“तोंड दाराबाहेर ठेवूनच आले होते. चपलांशेजारी.”

हे शेवटचं ऐकून तिला स्वतःलाच हसू फुटलं. तिने पलंगाकडे पाहिलं. नवरा टक लावून बघत होता. डोळ्यांत पाणी नव्हतं. ओठ मात्र हलत होते.

आता रोज दुपारी दोघांचा आवाज घरात फिरायचा. तो बोलायचा, ती उत्तर द्यायची. शेवटी एकदाचा संसार चालल्यासारखा वाटायचा. मटार संपले तरी ती बसून राहायची, त्याच्या ओठांकडे बघत. एवढं ऐकल्यावर माणूस काहीतरी म्हणेल. एक शब्द म्हणेल. तो कोणता असावा, हे तिला पक्कं ठाऊक होतं, पण मनातसुद्धा ती तो उच्चारत नव्हती.

*

“डाव्या हाताला काम द्या,” स्पीचवाली म्हणाली. “रिमोट द्या त्यांना. बोटं चालतील, डोकंही चालेल.”

तिने रिमोट त्याच्या डाव्या मुठीत बसवला आणि अंगठा बटणावर ठेवून दिला.

त्याचं वाक्य झालं. मधली शांतता आली. तिचं उत्तर सुरू झालं, “अस...”

अंगठा हलला. पुढचा तुकडा.

पहिल्यांदा तिला वाटलं, चुकून झालं. दुसऱ्यांदा तिने मटारचं भांडं खाली ठेवलं. तिसऱ्यांदा तो तिच्याकडे बघत होता. तोंडाची धड बाजू किंचित वर गेली होती.

पुढच्या आठवड्यात तो पुसायला शिकला. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हात पिठाचे. पडद्यावर प्रश्न आला होता : हा तुकडा काढून टाकायचा? हो. नाही. त्याच्या अंगठ्याला ‘हो’पर्यंत पोचायला फार वेळ लागत होता. निसटायचा, परत यायचा. तिला रिमोट काढून घेता आला असता, त्या मुठीत मांजराच्या पिलाइतकाच जोर होता. तिने घेतला नाही. तिचं एखादं तरी उत्तर तो ठेवतो का, हे तिला पाहायचं होतं.

तिकडे कणीक सुकून कडक होईपर्यंत ती तशीच उभी राहिली.

त्याने एकही ठेवलं नाही.

त्यानंतर तिने एकदा पुन्हा लाल बटण दाबून पाहिलं. तोंड उघडलं. पेटीत नुसता पंख्याचा आवाज भरला गेला.

*

‘तुझ्या बहिणीला सांग...’

“...धरम... शाळा... नाही,” पलंगावरून आवाज आला.

स्पीचवालीने हातातली चित्रं खाली टाकली. “काकू! काकू, इकडे या लवकर!”

तिने हात पुसत येऊन यादी मागे नेली आणि परत लावली. नवरा यंत्राच्या जोडीने बोलत होता. शब्द चिखलातून पाय काढल्यासारखे निघत होते, पण निघत होते.

“कुणाची कल्पना ही? तुमची? कमाल केलीत. घासून गुळगुळीत झालेलं असतं ना, तेच आधी परत येतं. आकडे, पाढे, शिव्या, रोजची बोलणी.” स्पीचवालीने आणखी दोन तुकडे ऐकले आणि तिला हसू आलं. “काका मिश्कील होते हं!”

“हो,” ती म्हणाली.

“आता खंड पाडू नका. दिवसातून तीनदा लावा. जेवणाआधी लावलंत तरी चालेल. आणि ज्या दिवशी ते मनाचं, नवीन वाक्य जुळवतील ना, त्या दिवशी आपण जिंकलो म्हणायचं.”

ती दिवसातून तीनदा लावू लागली. मटार आता ती आत बसून सोलायची. हॉलमधून नवऱ्याचा आवाज यायचा, मागोमाग नवऱ्याचा आवाज यायचा. मधल्या जागा भरून निघाल्या होत्या.

रविवारी लेक आली. बाबांना बोलताना ऐकलं आणि तिने पलंगाच्या कडेला डोकं टेकवून रडून घेतलं. मग उठून आईच्या गळ्यात पडली.

“तू त्यांचा आवाज जपून ठेवलास, आई. एवढ्या प्रेमाने. आणि मी मूर्ख तेव्हा तुला काय काय बोलले. माझं चुकलं गं. माफ कर मला.”

तिने लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. हे शब्द या घरात कुणीतरी म्हणावेत म्हणून ती किती वर्षं थांबली होती, आणि आता ते आले होते. दुसऱ्याच कुणाच्या नावाचं टपाल आपल्या दारात पडावं, तसे.

“बाबा,” लेक डोळे पुसत पलंगाशी बसली, “सांगा बघू, कुणामुळे बोलायला लागलात? आईमुळे ना? आईची कल्पना होती ही!”

त्याने लेकीकडे पाहिलं नाही. बायकोकडे पाहिलं. ओठ जुळले, सुटले, परत जुळले. वेळ लागला. दोघी वाट बघत राहिल्या.

“हिला... कोणी... विचारलं?”

तिने मनातल्या मनात सगळी यादी धुंडाळली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. हे त्यात कुठेच नव्हतं.

“नवीन!” लेक टाळ्या पिटत उठली. “आई, हे नवीन आहे ना? हे त्यात नाही ना? बाबांनी स्वतः जुळवलं! बाबा, थांबा, थांबा, परत म्हणायचं हं. आई, रेकॉर्ड कर. अगं, उभी काय राहिलीस?”

ती पेटीपाशी गेली. वरची धूळ बोटाने पुसली. लाल बटण दाबलं, दिवा लागला.

“बोला,” ती म्हणाली.

लग्नाआधी ती बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायची, आणि तिचा आवाज आला की बसलेली माणसं उठून उभी राहायची.