नऊ नंबरचा रकाना

वकीलबाईंनी फॉर्म जाळीला टेकवला आणि नवव्या रकान्यावर बोट ठेवलं. पलीकडे त्यांचा अशील शिंपी येरझाऱ्या घालत होता. चौदा महिन्यांपूर्वी एकट्याला कोंडल्यापासून त्याला बसून बोलताच येईना. चार पावलं इकडे, चार तिकडे. टेनिसचा सामना बघावा तशी बाईंची मान फिरत होती.

"इतर कैद्यांशी वर्तन. एवढं एकच रिकामं आहे. ते भरलं की तुम्ही बाकीच्यांत. नाहीतर आणखी सहा महिने."

"इतर कोण? भिंत धरून चालेल?"

"मागच्या वेळी मी तेच म्हटलं. समितीचे साहेब म्हणाले, टोमणा फॉर्ममध्ये बसत नाही."

शिंपी हसला, आणि हसता हसता थांबला. जाळीपाशी येऊन हळूच म्हणाला, "तीन दिवस होता एक जण. गेल्या महिन्यात शेजारच्या कोठडीत नळ फुटला, गुडघाभर पाणी. मामांनी त्याला माझ्याकडे घातला. नोंद नाही केली."

मामा म्हणजे त्या कोठड्यांवरचे म्हातारे हवालदार. बाईंनी पेन उघडलं.

"टोपण लावा, ताई. कळलं तर मामा घरी बसतील. निवृत्तीला पाच महिने राहिलेत त्यांच्या. कुठे बोलणार नाही म्हणून शब्द द्या."

"आणि तुमचं काय?"

"मला झालीय सवय," शिंपी म्हणाला आणि पुन्हा चालू लागला, आधीपेक्षा भराभर.

बाईंनी शब्द दिला. देता देताच पस्तावल्या.

बारा वाजता समिती बसली. अध्यक्ष, डॉक्टर, कारकून आणि समोर बाई. शिंप्याला आणलंच नव्हतं, कारण खोलीत चार माणसं होती आणि त्याला माणसांत आणायची बंदी होती.

"नऊ नंबर रिकामा," अध्यक्ष म्हणाले.

"भरायचा कसा, साहेब? पाण्यात उतरू द्यायचं नाही आणि वर म्हणायचं, पोहून दाखव. माणसाला एकटं कोंडायचं तर कायद्याला कारण लागतं. इथे कारण एकच उरलंय, की तो एकटा आहे."

"मुद्दा चांगला आहे." अध्यक्षांनी मनापासून मान डोलावली. "लेखी द्या. सहा महिन्यांनी विचार करू."

डॉक्टर चष्मा पुसत राहिले. त्यांचा रकाना भरलेला होता: 'प्रकृती उत्तम. दिवसभर चालतो.'

टेबलाखाली बाईंचा पाय शिलाई मशीनवर ठेवल्यासारखा हलत होता. दारात मामा फायली छातीशी धरून उभे होते. त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवल्यापासून बाईंना दुसरं काही दिसतच नव्हतं. दोन वाक्यं बोलली की काम फत्ते होतं. दोनच.

अध्यक्षांनी शिक्का उचलला, पण माणूस तसा वाईट नव्हता. "एखादा प्रसंग तरी सांगा, बाई. कोणाशी बोलला, भांडला. भांडणसुद्धा चालेल आम्हाला."

"नाही," बाई म्हणाल्या.

"आहे, साहेब," दारातून आवाज आला.

मामांनी तिन्ही दिवसांची हकीकत सांगितली, नळासकट. फायली अजून छातीशीच होत्या.

"कोणाच्या हुकमाने घातलात त्याला आत?"

"पाण्याच्या, साहेब."

डॉक्टरांना खोकल्याची उबळ आली. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी नुसता हात पुढे केला. मामांनी फायली खाली ठेवल्या, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडून टेबलावर ठेवला आणि मोकळ्या पट्ट्यावरून एकदा अंगठा फिरवला.

बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या. उठून काय करायचं ते सुचेना, तशाच राहिल्या.

कारकुनाला मात्र फॉर्मची घाई होती. "वर्तन काय लिहू?"

किल्ल्या देताना मामांनी क्षणभरही विचार केला नव्हता. आता मात्र ते बराच वेळ आठवत राहिले.

"लिहा, घोरतो," ते म्हणाले. "पण दुसऱ्याने हाक मारली की कुशीवर वळतो."