बंद बटणांची गल्ली

मी कोपऱ्यावरची डीपी बोलतेय. साहेब लोक कागदावर मला रोहित्र म्हणतात, पण गल्लीत त्या नावाने हाक मारलीत तर कुणी वळूनही बघणार नाही. मोठ्या तारेतून येणारी तापट वीज मी पोटात घेते, तिला जरा शांत करते आणि मग घराघरांत धाडते. तशीच सोडली तर एक दिवा जागेवर राहायचा नाही.

माझा जन्म कारखान्यातला. लोखंडी पिंपात तांब्याच्या तारांची वेटोळी बसवली, वरून तेल ओतलं, झाकण आवळलं आणि राखाडी रंग फासला. पोटभर तेल पिऊन एका जागी बसायचं आणि सारखं गुणगुणायचं, हा स्वभाव तिथेच ठरला. मग ट्रकमधून आणून मला गल्लीच्या तोंडाशी सिमेंटच्या ओट्यावर बसवलं. भोवती जाळीचं कुंपण, त्यावर कवटीचं चित्र. वाटलं, आता कोण आपल्या वाऱ्याला उभं राहणार? तर आठवडाभरात त्याच कवटीवर कुणाची तरी ओली चादर वाळत होती.

मला चौकशा करायची सवय नाही हो. मी कुणाच्या घरात डोकावत नाही, डोकावायची गरजच पडत नाही. घराघरांतलं सगळं माझ्याच पोटातून जातं ना. कुणाचा गीझर पहाटे आधी लागतो, कुणाच्या पोराचा अभ्यासाचा दिवा नुसताच जळतो, मला सगळं ठाऊक. समोरच्या नवराबायकोचं वाजलं की दोन खोल्यांत दोन पंखे सुरू होतात. मिटलं की एक बंद होतो आणि मलाच हायसं वाटतं. कुणाला सांगत मात्र नाही. तुम्हाला सांगितलं ते सोडा.

या सगळ्यांत माझा जीव जडला होता तो शेजारच्या घरातल्या, वरच्या मजल्यावरच्या वहिनींवर. त्या शिवणकाम करायच्या. त्यांची मशीन घर्र करून पळायची, थांबायची, पुन्हा पळायची. एखाद्या दिवशी थांबणंच जास्त असलं की समजायचं, आज मन थाऱ्यावर नाही. त्यांचे यजमान, म्हणजे गल्लीचे भाऊ, बसचे ड्रायव्हर. एका सकाळी कामावर जायला निघाले आणि जिन्यातच कोसळले. अर्धं अंग गेलं, बोलणंही बरंचसं गेलं. तेव्हापासून पलंगावर.

नुसतं पडून पाठीला जखमा होऊ लागल्या तेव्हा डॉक्टरांनी हवेची गादी घ्यायला सांगितली. तिला एक छोटा पंप असतो. तो गादीतली हवा इकडची तिकडे फिरवत राहतो, म्हणजे माणसाचं अंग एकाच जागी दाबलं जात नाही. त्या पंपाला वीज लागायची ती मुंगीने ओढावी एवढी. पण रात्रंदिवस. भाऊंना मी कधी पाहिलं नव्हतं. मी पडले जमिनीवर, ते वरच्या मजल्यावर. माझी त्यांची ओळख ती एवढी, त्या मुंगीच्या ओढीची.

आता मुख्य गोष्ट सांगते. वीज खात्याने पूर्वी गरज कुठे आहे हे न बघता, ओळख कुणाची आहे हे बघून डीप्या बसवल्या होत्या. कुठे रिकाम्या माळावर दोन दोन, कुठे अख्ख्या वस्तीत एकही नाही. ओरड झाली, वर्तमानपत्रांत आलं, आणि सरकारने तपासायला समिती नेमली. समितीच्या मॅडम गल्लोगल्ली फिरून कुठे किती वीज लागते ते मोजणार होत्या. जिथे कमी लागते तिथली डीपी उचलून गरजेच्या ठिकाणी न्यायची. टेकडीवर नवं प्रसूतिगृह तयार होतं आणि विजेवाचून अडलं होतं. ऐकून मलाही वाटलं, बरोबरच आहे की.

आदल्या दिवशी वायरमन आमच्या गल्लीतल्या शेठच्या दुकानात थंड प्यायला थांबला आणि सहज म्हणाला की उद्या मॅडम बघायला येणार आहेत. एवढंच. शेठ म्हणजे माणूस मनाचा मोठा, पण ऐकलेल्या गोष्टीत स्वतःची भर घातल्याशिवाय त्याला झोप येत नाही. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पाहणीची धाड झाली होती. जास्त वीज जाळणाऱ्यांना पकडणार, घरी धंदा करणाऱ्यांचं कनेक्शन तोडणार.

मग काय, दुसऱ्या दिवशी दुपारी अख्ख्या गल्लीने बटणं बंद केली. शेठने फ्रिज बंद करून त्यावर चादर टाकली. पंखे थांबले. बायका दारात बसून वर्तमानपत्राने वारा घेत होत्या. वहिनींची मशीन थांबली. आणि मग, काय सांगू तुम्हाला, ती मुंगीची ओढही थांबली.

मॅडम आल्या. वायरमनने माझ्या तारेला चिमट्यासारखं मीटर लावलं. काटा जेमतेम हलला. मॅडम म्हणाल्या, "बरीच शांत गल्ली आहे." शेठ हात जोडून म्हणाला, "आम्ही साधी माणसं मॅडम, लवकर झोपतो." भर दुपारी.

मी नुसती गुणगुणत राहिले. दुसरं येतं काय मला?

महिन्याभराने माझ्याच जाळीवर कागद चिकटला. गल्लीत वापर नगण्य, सबब ही डीपी हलवावी आणि घरं बाजारातल्या डीपीला जोडावीत. हरकत असल्यास मॅडमना शेवटच्या पाहणीच्या वेळी सांगावी. बाजारातली डीपी लांब. वायरमनने आडपडदा न ठेवता सांगून टाकलं की इतक्या दुरून आलेली वीज संध्याकाळी इथवर पोहोचेपर्यंत धापा टाकेल. दिवे मिणमिणतील, आणि बारीकसारीक यंत्रं बंद पडतील. वहिनी तिथेच उभ्या होत्या. त्यांनी पदराने कागदाचा सुटलेला कोपरा नीट दाबून बसवला, जसा काही त्यांच्याच घरचा होता, आणि वर गेल्या.

संध्याकाळी माझ्याजवळ गल्लीची बैठक भरली. शेठचं म्हणणं, मॅडमचं मीटर खराब होतं असं सगळ्यांनी एका सुरात सांगायचं.

वहिनी म्हणाल्या, "मीटर काय करेल बिचारं? आपणच बंद होतो."

"मग काय खरं सांगायचं? अडकवाल सगळ्यांना वहिनी. पहिल्यांदा तुमचीच मशीन उचलतील."

 त्या रात्री वहिनींची मशीन चालली ती थांबत थांबत.

मॅडम आल्या तेव्हा शेठने मीटरचं गाऱ्हाणं सुरू केलंच होतं. वहिनी पुढे झाल्या. 

"मॅडम, त्या दिवशी तुम्ही मोजलंत ते आमचं नव्हतं. आम्ही सगळं बंद करून बसलो होतो. मी तर यांच्या गादीचा पंपसुद्धा बंद केला, आणि दुपारभर हातांनी कूस बदलत बसले."

"अहो पण का?"

"घरच्या मीटरवर शिलाई मशीन चालवते. वाटलं, पकडाल."

शेठ गटाराकडे बघत राहिला.  मॅडम म्हणाल्या, "मी वीज मोजायला आले होते हो. घरातल्या एका मशीनला कोण पकडतंय?" आणि मग, "ताई, वर बसायला जागा आहे तुमच्याकडे? आज संध्याकाळपर्यंत थांबते. कुणी काही बंद करू नका."

मॅडम वर जाऊन बसल्या, वायरमन खाली माझ्यापाशी. आणि आमची गल्ली कसली ऐकते? आता वापर दाखवायचाय म्हटल्यावर घराघरांत इस्त्र्या, हीटर, सगळं सुरू. माझं तेल तापलं. वायरमनच ओरडला, "शेठ, गीझर बंद करा. चार वाजता कुणाची अंघोळ काढलीत?" सगळे हसले आणि हळूहळू रोजच्यासारखे वागू लागले. दिवेलागणीला स्वयंपाक, पंखे, टीव्ही, पोरांचे अभ्यास. वर घर्र, थांब, घर्र. आणि मुंगीची ओढ, अखंड. मी तापतच राहिले.

मॅडमनी खरं तेच लिहिलं. गल्लीला वीज भरपूर लागते. इतकी, की ही डीपी तिला पुरत नाही. मोठी बसवावी. प्रसूतिगृहाला माळावरची एक रिकामी डीपी दिली.

म्हणजे गल्ली वाचली आणि मी हलले. जरा लागलं मनाला, खोटं कशाला बोलू? पण तापलेल्या पोटाने मलाही कळत होतं, की आता आपल्याच्याने होत नाही.

बदलायच्या दिवशी वीज दिवसभर बंद राहणार होती. वहिनींनी कुणाला बोलावलं नव्हतं. पण सकाळीच शेठ दुकान अर्धं ओढून जिना चढला. मागून समोरचे नवराबायको, वेगवेगळे आले पण आले. पाळीपाळीने भाऊंची कूस बदलायची ठरलं. "अहो, डाव्या हाताखाली धरा," असं वहिनींचं शिकवणं खालपर्यंत ऐकू येत होतं.

क्रेनच्या दोऱ्या माझ्या कानांत अडकल्या. ओटा सुटला, जाळी खाली राहिली आणि मी वर वर जाऊ लागले, थेट वहिनींच्या खिडकीसमोर. तेव्हा मी भाऊंना पाहिलं. उशीला टेकवून बसवलेले, पाठीमागे शेठचा हात. चेहरा वाळलेला, पण डोळे क्रेनवर रोखलेले. जन्मभर गाडी चालवलेला माणूस तो. मी भिंतीच्या फार जवळ आले तसा त्यांनी चांगला हात उचलला आणि क्रेनवाल्याला खुणावू लागले. येऊ द्या. येऊ द्या. जरा उजवीकडे. बास. क्रेनवाल्यानेही मान डोलावून तसंच केलं, आणि मी भिंतीला न घासता निघाले.

वहिनी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

आता मी दुरुस्तीच्या आवारात आहे. तेल काढून घेतलंय, गुणगुणणं बंद. नवं तेल भरलं की एका लहान वस्तीवर पाठवणार म्हणतात. जाईन. मायबापहो, एवढंच सांगते, कुणी तपासायला आलं तर घाबरून बटणं बंद करू नका. पंखा फिरत असू द्या, मशीन चालू असू द्या. लागतं ते लागतंच ना आपल्याला? त्यात लपवण्यासारखं काय आहे?

आणि कधी त्या गल्लीत गेलात, तर वहिनींच्या खिडकीखाली घटकाभर उभे राहा. कान दिलात तर पंपाचा आवाज येतो, अगदी बारीक. चालू आहे ना, तेवढं बघा. मला आता इथून काही कळत नाही.