उपाशी वाफ्याची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. रंगाऱ्यानं मला पिवळा रंग दिला आणि वर काळ्या अक्षरांत लिहिलं, ‘विनाखत’. असं नाव मिरवायला कुणाला आवडेल? पण माझ्या नशिबी ते आलं खरं.

संशोधन केंद्रातल्या ऋतिका मॅडमनी मला उचगावला, बायाक्कांच्या शेतात आणलं. तिथं बटाट्याचे तीन वाफे होते. पहिल्याला पूर्ण रासायनिक खत, दुसऱ्याला त्याच्या निम्मं आणि जोडीला लेंडीखत, तिसऱ्याला काहीच नाही. त्या तिसऱ्यात मी उभी राहिले. विकतचं खत कमी करूनही पीक तेवढंच येतं का, हे मॅडमना बघायचं होतं. तुलनेसाठी माझा वाफा उपाशी राहायलाच हवा होता.

पण बायाक्कांच्या दारातून मांजरसुद्धा उपाशी जात नाही. दुपारी सगळे जेवून आडवे झाले, की त्या लेंडीखताची बुट्टी घेऊन यायच्या. “खा रं बाबा, कुणाला सांगू नगंस,” म्हणत वाफ्यात पसरायच्या. मी कुणाला सांगणार? पानं टवटवीत झाली. येणारे-जाणारे वाहवा करायचे आणि, खोटं कशाला बोलू, मीही फुगून जायचे.

काढणीला गाव जमलं. तिन्ही वाफ्यांचं वजन जवळपास सारखंच भरलं. मॅडम वहीकडे बघतच राहिल्या. शेजारचे जोतिराम आप्पा मात्र खूश झाले. “मग खत पायजेच कशाला? म्होरच्या साली मी बी रानाला कायबी घालत न्हाय!” चौघांनी माना डोलावल्या.

बायाक्कांना आपली चूक उमगली. एका वाफ्याला जेवू घातलं आणि आता सगळ्यांची रानं उपाशी राहणार!

“थांबा रं,” त्या पुढं आल्या. “त्येला मी खत घाटलंय. चोरून. उपाशी बघवंना मला.”

“आक्का, शिरापुरी न्हाय न्हवं केलीसा?” आप्पांनी विचारलं. सगळे हसले. मॅडमचा चेहरा मात्र उतरला. अख्ख्या हंगामाची मेहनत पाण्यात गेली होती. त्यांनी आकड्यांवर रेघ मारली आणि बायाक्कांचा मातीनं भरलेला हात हातात घेतला.

“बरं झालं सांगितलंत, आक्का. पुढच्या वर्षी पुन्हा करू. राखण तुम्हीच करायची.”

पुढच्या वर्षी बायाक्का माझ्याकडे पाठ करून खुरपायच्या. माझ्या वाफ्यातली पानं पिवळी पडली, लोक नाक मुरडू लागले. बटाटे निघाले लिंबाएवढे. लेंडीखताचा वाफा मात्र पूर्ण खताच्या तोडीस तोड उतरला. जोतिराम आप्पांनी त्याच दिवशी लेंडीखतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवायला धनगरांना सांगावा धाडला. त्या मरतुकड्या वाफ्यात उभं असल्याचा मला पहिल्यांदाच अभिमान वाटला.

मित्रांनो, आता माझा रंग उडालाय, कोपरे गंजलेत. तरी मी दरसाल कुठल्या ना कुठल्या शेतात उभी असते. माझ्यासारखी पाटी दिसली तर तिला उपटू नका, दगड मारू नका. आणि तिच्या वाफ्याची कितीही दया आली, तरी बुट्टी घेऊन येऊ नका. त्याला उपाशी राहू द्या. तो सगळ्या गावासाठी उपाशी असतो.