टर्बोचा मुक्काम मर्लकडे

आमच्या गावात डॉक्टरची वेळ तीन आठवड्यांनी मिळते आणि तोवर मी ठणठणीत झालेली असते. पाळीच्या आधी आठवडाभर मला जगणं नकोसं होतं. पाळी आली की मी मेंढ्यांना चारा घालताना शीळ वाजवते. डॉक्टरांसमोर नेमकी ही शीळवाली जायची.

पहिले म्हणाले, "हे सगळ्याच बायकांना होतं," आणि मॅग्नेशियम दिलं. दुसऱ्यांनी विचारलं, "नवऱ्याशी पटतं ना?" नवरा कधीचाच पर्थला निघून गेलाय, तेव्हापासून आमचं उत्तम पटतं. इथे डॉक्टर टिकत नाहीत. नवा आला की पहिले पाढे पंचावन्न.

मार्चमध्ये तो आठवडा आला. मी बंदुकीच्या कपाटाची किल्ली घेतली आणि शेजारच्या मर्लला नेऊन दिली. माझा कुत्रा टर्बो तिच्या व्हरांड्यात आधीच पसरला होता.

"ही ठेव तुझ्याकडे," मी म्हटलं.

मर्ल सत्तरीची, तोंडाची फटकळ. तिने किल्ली एप्रनच्या खिशात टाकली. "गाडीत बस."

"वेळ घेतलेली नाही."

"आजारी आज आहेस की तीन आठवड्यांनी?"

दवाखान्यातली मुलगी म्हणाली, आज जागा नाही. मर्ल म्हणाली, "खुर्ची आहे की," आणि बसली. टर्बोही बसला. शेवटी आत बोलावलं.

डॉक्टरीण नवी होती. मी सवयीने म्हटलं, "तसं विशेष काही नाही."

"हिचं ऐकू नका, कुत्र्याचं ऐका," मर्ल म्हणाली. "दर महिन्याला माझ्याकडे राहायला येतो. मग एका सकाळी हिची शीळ ऐकू येते, की उठून घरी जातो. दोन वर्षं झाली."

"शीळ कधी सुरू होते?" डॉक्टरणीने मला विचारलं.

"पाळी आली की."

तिने पेन खाली ठेवलं. "त्याआधी मरावंसं वाटतं?"

हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मी हो म्हटलं आणि रडले. तिने घाई केली नाही. या दुखण्याला नाव आहे, पीएमडीडी, आणि औषधही आहे, असं तिने सांगितलं. आधीचे दोघे ते विसरले असावेत.

परतताना मी मर्लला म्हटलं, "दोन वर्षं बोलली नाहीस."

"मला वाटलं, कुत्र्याला माझे सॉसेज आवडतात."

गोळ्यांनी फरक पडला, पण सगळा नाही. एप्रिलमध्ये टर्बो पुन्हा उठून गेला. मी दारात बसून त्याची पाठ बघत राहिले. फार एकटं वाटलं.

अर्ध्या तासाने तो परत आला. मागून मर्ल येत होती, काखेत स्वतःची उशी घेऊन.